वाचकांचे प्रश्न : पाट्या कोरणारा सीएनसी राउटर

प्रश्न : सागवान आणि एमडीएफमध्ये घरांच्या नावांच्या पाट्या कोरण्यासाठी मला छोटा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञांनी लाकूड कोरणारे यंत्र) जोडायचा आहे. पाटी साधारण ४५० × २०० मिलिमीटरची असेल. माझ्याकडे पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची जोडणी) असलेला जुना संगणक पडून आहे. त्यावर मॅक-३ किंवा लिनक्ससीएनसी हे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर वापरावे, की आर्डुइनो हा छोटा नियंत्रक बोर्ड घ्यावा? ओळखीचे एक गृहस्थ ३०१८ जातीचे किट स्वस्तात देत आहेत, ते चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी किटविषयी. ३०१८ या आकड्याचा अर्थच ३०० × १८० मिलिमीटर कामाची जागा असा असल्यामुळे आपली पाटी त्यात बसणार नाही. पाटी सरकवून दोन टप्प्यांत कोरता येते, परंतु दोन्ही अर्ध्या भागांची शिरोरेखा एका ओळीत आणताना जो जीव मेटाकुटीला येतो, त्यापेक्षा ६०० × ४०० मिलिमीटरचा सांगाडा जोडणे बरे.

पैसे खर्च करायचे ते या सांगाड्यावर. दोन टोकांनाच आधार असलेल्या गोल दांड्यांची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच भाराने त्या आठपट वाकतात, म्हणून या मापाला खालून सलग आधार असलेल्या दांड्या किंवा चौकोनी लिनिअर गाइडच घ्याव्यात. झेड अक्ष (हत्यार वर-खाली नेणारा भाग) हाताने हलवून पाहावा. तिथे जाणवणारा ढिलेपणा कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढत नाही. मोटरी नेमा २३ पुरेत. मात्र हा आकडा मोटरीच्या दर्शनी चौकटीचे इंचातले माप (२.३ इंच) सांगतो, ताकद नव्हे, ती माहितीपत्रकातच पाहावी लागते.

आता आपला जुना संगणक. पॅरलल पोर्टच्या पद्धतीत मोटरीला जाणारा प्रत्येक स्पंद (मोटर किंचित फिरवणारा विद्युत इशारा) संगणकालाच अचूक वेळी पाठवावा लागतो. त्यामुळे लिनक्ससीएनसीला रिअल-टाइम कर्नल (वेळ काटेकोर पाळणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लागतो आणि मॅक-३ चा पॅरलल पोर्ट हाताळणारा सॉफ्टवेअर-चालक केवळ ३२-बिट विंडोजवर चालतो. लिनक्ससीएनसी मोफत आणि फार समर्थ आहे, पण तीन अक्षांच्या पाट्यांसाठी त्याची मांडणी शिकण्यात महिना घालवावा असे मला वाटत नाही. आर्डुइनो उनोवर जीआरबीएल हे नियंत्रक सॉफ्टवेअर बसवले, की स्पंद निर्माण करण्याचे काम तो बोर्ड करतो आणि संगणक यूएसबीतून जी-कोडच्या (यंत्राला हालचाल सांगणाऱ्या आज्ञांच्या) ओळी तेवढ्या पाठवतो. उनोवरील जीआरबीएलची मर्यादा सेकंदाला सुमारे ३०,००० स्पंदांची आहे. आपल्या मोटरीचे फेऱ्याला २०० टप्पे, ड्रायव्हरवर (मोटरीला वीज पुरवणाऱ्या पेटीवर) प्रत्येक टप्प्याचा ८ चा विभाग आणि फेऱ्याला अक्ष ५ मिलिमीटर सरकवणारा बॉलस्क्रू (आट्यांचा दांडा) धरला, तर मिलिमीटरमागे ३२० स्पंद होतात. मिनिटाला ३,००० मिलिमीटर वेगाला सेकंदाला १६,००० लागतात. हौसेने विभाग १६ केला, तर तीच संख्या ३२,००० होऊन मर्यादा ओलांडते. जुना संगणक फेकू नका, यूएसबीतून जी-कोड पाठवायला तो चालेल.

सॉफ्टवेअरची कामे तीन आहेत : आकृती काढणे, तिच्यावरून हत्याराची वाट ठरवणे आणि ती यंत्राला पाठवणे. यांसाठी अनुक्रमे इंकस्केप, फ्रीकॅड आणि युनिव्हर्सल जी-कोड सेंडर पुरतात. तिन्ही मोफत आहेत. अडचण येते ती देवनागरीची. हत्याराची वाट ठरवणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये थेट मजकूर टाकला, की वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. म्हणून ‘सावली’ हे नाव इंकस्केपमध्येच लिहून त्याचे ‘पाथ’मध्ये (अक्षरांच्या बाह्यरेषांमध्ये) रूपांतर करावे आणि नंतर ‘युनियन’ करावे, म्हणजे सगळे आकार एकत्र जोडावेत. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर चढलेल्या असतात. युनियन विसरल्यास प्रत्येक जोडापाशी वाटा एकमेकींना छेदतात आणि शिरोरेखा बिघडते. व्ही-बिटने (व्ही आकाराच्या टोकदार पात्याने) कोरताना खोली रेषेच्या जाडीवर ठरते : १० मिलिमीटर जाडीला ९० अंशांचे बिट ५ मिलिमीटर, तर ६० अंशांचे जवळजवळ ८.७ मिलिमीटर खाली जाते. फळी पातळ असेल, तर हे आधी मोजावे.

स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) म्हणून सुतारांकडे असतो तो वेग कमी-जास्त करता येणारा ट्रिमर चालेल. मिनिटाला १२,००० फेरे, दोन धारांचे सरळ बिट आणि प्रत्येक धारेला ०.०५ मिलिमीटर छिलका धरल्यास सरकण्याचा वेग मिनिटाला १,२०० मिलिमीटर येतो. नवशिके भीतीने फार सावकाश चालवतात. मग बिट कापण्याऐवजी घासते आणि सागवान काळे पडते.

प्रश्न : काम अर्ध्यावर असताना वीज गेली, तर पाटी वाया जाते का?

उत्तर : यंत्राला लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचल्याचे सांगणारे बटण) बसवून होमिंग (यंत्राने आपली मूळ जागा शोधणे) चालू ठेवले असेल, तर बहुधा नाही. वीज येण्याआधी ट्रिमरचे बटण हाताने बंद करावे, नाहीतर तो लाकडात रुतलेला असतानाच आपोआप फिरू लागतो. होमिंगमध्ये जीआरबीएल आधी झेड अक्ष वर घेते, मग बाकीचे अक्ष मूळ जागी नेते. जी-कोडच्या जी५४ या आज्ञेतला कामाचा शून्यबिंदू (पाटीवरून मोजमाप जिथून सुरू होते ती जागा) वीज गेली तरी बोर्डाच्या स्मृतीत टिकतो, जी९२ या आज्ञेने दिलेला टिकत नाही. म्हणून पहिलाच वापरावा आणि जी-कोडमध्ये थोडे मागे येऊन काम पुढे चालू करावे.