बॅगेचं नंतर बघू, आधी आईचं बीपी लिहा

प्रश्न : नमस्कार ताई, आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच युरोपला चाललेय. विमानाचं तिकीट काढताना खाली एक इन्शुरन्स टिक करायला येतो, स्वस्तात आहे, पण मैत्रीण म्हणते वेगळी पॉलिसी घे. आई 67 वर्षांची, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. बाबा म्हणतात फॉर्मवर ते लिहू नकोस, उगाच प्रीमियम वाढेल. काय करू?

उत्तर : बाबांना आधी सांगा की लिहायचंच, यात दुसरा विचारच नको. क्लेम केला की कंपनी जुने कागद मागवते, आणि एखाद्या केस पेपरवर "बऱ्याच वर्षांपासून शुगर" एवढी एक ओळ जरी सापडली तरी क्लेम अडकतो, वर माहिती लपवली म्हणून अख्खी पॉलिसीच रद्द होऊ शकते. परक्या देशात आई आयसीयूत असताना हे कळलं तर काय कराल? वाढलेला प्रीमियम परवडतो, हे नाही परवडत.

आता लिहिलं म्हणजे कव्हर मिळालं असंही समजू नका हं. बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजारासाठी जिवावर बेतलं तरच, तेही तब्येत स्थिर होईपर्यंतच खर्च देतात, किंवा त्याला वेगळी छोटी मर्यादा असते. शिवाय साठीच्या पुढच्यांना रूम, आयसीयू, ऑपरेशन या प्रत्येकावर बरेचदा वेगवेगळी लिमिट लावलेली असते, म्हणजे वर मोठ्या अक्षरात भलामोठा आकडा आणि आईच्या वाट्याला त्यातला तुकडा. म्हणून जाहिरातीचं पान बाजूला ठेवा, पॉलिसी वर्डिंग नावाची जी लांबलचक पीडीएफ असते ती उघडा आणि त्यात हे शोधा, कंटाळा येईल पण एक तास द्याच.

शेंगेन व्हिसासाठी (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट) किमान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर लागतं, सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामभर चालणारं, परत मायदेशी आणण्याचा खर्च धरून. पण हा व्हिसाचा किमान आकडा आहे, गंभीर आजारपण निघालं तर तो पुरेलच असं नाही, वयस्कर माणूस सोबत असताना मी तरी जास्तच घेईन. तिकिटासोबतच्या पॉलिसीत बरेचदा भर ट्रिप कॅन्सल होणं, बॅग हरवणं यावर असतो, त्यामुळे मैत्रिणीचं ऐका. तुमच्यासाठी आणि बाबांसाठी तिकिटावरची घ्यायची असेल तरी मेडिकलचा आकडा तपासूनच टिक करा.

बॅगेची एवढी काळजी नको. 1999 च्या मॉन्ट्रियल करारानुसार विमान कंपनीवरही जबाबदारी असते, फक्त बेल्टवर बॅग आली नाही की एअरपोर्टवरून बाहेर पडायच्या आधीच काउंटरवर रिपोर्ट लिहून घ्या. बॅग फुटली असेल तर 7 दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर हातात आल्यापासून 21 दिवसांत. हॉस्पिटलच्या बिलाला मात्र असं दुसरं कोणी नसतं.

आणि डिडक्टिबल बघा, म्हणजे प्रत्येक क्लेममधली पहिली ठरावीक रक्कम तुमच्याच खिशातून जाते, स्वस्त पॉलिसीत ती जास्त असू शकते. कंपनीचा 24 तासांचा नंबर तिघांच्याही फोनमध्ये सेव्ह करा, आईच्या पर्समध्ये औषधांच्या यादीसोबत कागदावरही ठेवा. अॅडमिट व्हायच्या आधी, नाहीच जमलं तर लगेच नंतर तिथे फोन करायचा, कॅशलेसचं सगळं गाडं तिथूनच हलतं.

प्रश्न : पॉलिसी निघायच्या आदल्या दिवशी घेतली तर चालते का? आणि तिकडे भाड्याने स्कूटर चालवली तर?

उत्तर : व्हिसासाठी पॉलिसी दाखवायची नसेल, तर मेडिकलपुरतं चालतं. पण ट्रिप रद्द होण्याचं कव्हर साधारण पॉलिसी घेतल्यापासूनच सुरू होतं, म्हणून बुकिंगचे पैसे भरले की लगेच घ्या. वादळ किंवा संपाची बातमी आल्यावर घेतली तर त्या कारणाचा क्लेम सहसा मिळत नाही. स्कूटरसाठी तिथे चालणारं लायसन्स आणि डोक्यावर हेल्मेट नसेल किंवा दारू घेतलेली असेल तर कंपनी हात वर करते, आणि काही पॉलिसींत दुचाकी मुळातच वगळलेली असते, तेव्हा ते चावी घ्यायच्या आधी वाचा.