वाळू-कोळशाच्या फिल्टरने जीन्स-धुलाईचं पाणी साफ होईल का?

भोसरीतल्या युनिटमधून रोज 10,000 लिटर निळं पाणी निघतं आणि त्यावर थेट वाळू-कोळशाचा फिल्टर बसवायचाय, असं तुम्ही लिहिलंय. थेट बसवलात तर लगेच चोंदेल. खरं काम त्याआधी तुरटी करते.

सुरुवातीला 40 मेशची (इंचाला 40 छिद्रांची) स्टीलची जाळी, म्हणजे धागे-लिंट तिथेच अडेल. स्टोनवॉश करत असाल तर प्युमिसचा (घासायच्या सच्छिद्र दगडाचा) चुरा बसायला छोटा खड्डा हवाच, नाहीतर पंपाचा इम्पेलर (आतला फिरता पंखा) झिजतो. मग दिवसभराचं पाणी एका टाकीत जमवून हवेने ढवळत ठेवा. ब्लीचचं आणि साबणाचं पाणी सुटंसुटं आलं तर डोस कधीच जमत नाही.

डोस अंदाजाने नको. 100 ग्रॅम तुरटी विरघळवून 1 लिटर द्रावण करा. त्याचे 1 मिली 1 लिटर पाण्यात म्हणजे 100 मिलिग्रॅम. चार बरण्यांत 2, 3, 4, 5 मिली टाका. मिनिटभर जोरात, मग 15 मिनिटं हळू ढवळा आणि अर्धा तास थांबा. गाळ बसून पाणी नितळेल तो सर्वांत कमी डोस तुमचा. 3 मिलीला जमलं तर दिवसाला 3 किलो तुरटी. पीएच 6.5 ते 7.5 मध्ये राहायला हवा. तुरटीने तो उतरतो, तेव्हा चुन्याची निवळी घाला. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की पाणी बदलतं, म्हणून चाचणी पुन्हा.

नितळलेलं पाणी तेवढं फिल्टरला. ताशी 1,000 लिटरला 50 सेंमी व्यासाचं भांडं, खाली गोटे, वर 60-75 सेंमी वाळू. बांधकामाची क्रश सँड अजिबात नको, तिच्या भुकटीनेच फिल्टर चोंदतो. पुढे सुमारे 250 लिटर दाणेदार ॲक्टिव्हेटेड कोळसा. ब्लीचमधलं क्लोरीन आधी सोडियम थायोसल्फेटने मारा, नाहीतर कोळसा त्यातच खर्ची पडतो. दाब वाढला की बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवा, आणि ते पाणी परत पहिल्या टाकीत.

जीन्सचा निळा रंग, इंडिगो, पाण्यात विरघळलेला नसतो, म्हणून तुरटीने छान बसतो. रिॲक्टिव्ह रंग विरघळलेला असतो, तो फारसा बसत नाही. त्याचा भार कोळशावर येतो आणि कोळसा लवकर बदलावा लागतो. मीठ यातल्या कशानेच जात नाही. डिसायझिंगचा (कापडाची खळ काढतानाचा) स्टार्च विरघळलेला असतो, त्याचा बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) बराचसा उरतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बीओडीला लिटरमागे 30 मिलिग्रॅमची मर्यादा असेल तर जैविक (जीवाणूंकडून घाण कुजवणाऱ्या) टाकीशिवाय गत्यंतर नाही.

गाळ छपराखाली वाळवा, पावसाळ्यात उघड्यावर तो वाळतच नाही. तो घातक कचऱ्यात मोडतो; घंटागाडीत न टाकता रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवावा लागतो.