त्या वीस अनोळखी माणसांविषयी

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं आणि तिन्ही डेमो ऐकले. दुसऱ्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी ड्रम थांबतात आणि तुझा आवाज एकटाच पुढे जातो, ती जागा फार सुंदर झाली आहे. तिथे कुणी गिटार भरायला निघालं तर ऐकू नकोस.

तू विचारलंस, लंडनला कधी जायचं, मॅनेजर कधी शोधायचा आणि इन्स्टाग्रामवर जाहिरातीला पैसे घालायचे का. तिन्ही प्रश्नांमागे काळजी एकच आहे, ऐकणारी माणसं मिळणार कुठून. त्याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे, पण तू ते एका ओळीत उरकलंस. मागच्या गिगला, म्हणजे तुमच्या कार्यक्रमाला, चाळीसेक लोक होते, ‘पण निम्मे ओळखीचेच’. म्हणजे उरलेले वीसजण अनोळखी होते. मधल्या वारी, लीड्सच्या पावसात, कधी नाव न ऐकलेल्या बँडसाठी वीस माणसं तिकीट काढून आली. त्यांची नावं तुमच्याकडे आहेत का? त्यांच्यातले किती पुन्हा येतील? पुढच्या वर्षभराचं तुमचं काम मला विचारशील तर हेच आहे.

शेफील्डच्या आर्क्टिक मंकीजची गोष्ट तू ऐकली असशील. इंटरनेटने वर आणलेला बँड, असंच त्यांच्याविषयी सांगतात. पण क्रम नीट बघ. २००३ पासून ही पोरं शेफील्डमधल्या लहान जागांत वाजवत होती. अ‍ॅलेक्स टर्नर ‘बोर्डवॉक’ नावाच्या व्हेन्यूत बारवर काम करायचा, म्हणजे दुसऱ्यांचे गिग त्याला रोज समोर बघायला मिळत होते. डेमोच्या सीड्या घरी बर्न करून ते गिगला आलेल्यांना फुकट वाटायचे. ती गाणी नेटवर चढवली त्या ऐकणाऱ्यांनी, आणि मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवरचं पानही चाहत्यांनीच उघडलं होतं. रेकॉर्ड बाजारात येण्याआधीच समोरच्या गर्दीला शब्द पाठ होते. मग ऑक्टोबर २००५ मध्ये डोमिनो या स्वतंत्र लेबलवरचं त्यांचं पहिलं सिंगल थेट पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि जानेवारी २००६ मध्ये पहिल्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६३ हजारांहून जास्त प्रती खपल्या. नेटने वेग दिला, हे खरंच. पण जे पसरलं ते एका खोलीत, हातात सीडी घेऊन घरी गेलेल्या माणसांकडून पसरलं.

आणि त्या मायस्पेसचं काय झालं? २००३ ते २०१५ या काळात लोकांनी तिथे चढवलेलं संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झालं, असं कंपनीने २०१९ मध्ये कबूल केलं. लाखो गाणी गेली. म्हणून तुला आग्रहाने सांगतो, तुमच्या श्रोत्यांची यादी तुमच्या स्वतःच्या हातात ठेव. मर्चच्या, म्हणजे तुमचे टी-शर्ट आणि सीड्या विकायच्या टेबलावर एक वही ठेव किंवा क्यूआर कोड लाव, आणि नाव, ईमेल आणि पोस्टकोडचा पहिला भाग विचार. ईमेल पाठवू का, हे स्पष्ट विचारून घ्यायचं. इथे तो कायदाच आहे. पोस्टकोड का, तर एलएस६ लिहिणारे बहुतेक हेडिंग्ली आणि हाइड पार्कमधले विद्यार्थी असतील, आणि दोघातिघांनी एचयू किंवा एस लिहिलेलं दिसलं की हल आणि शेफील्डमध्ये तुमचे पहिले श्रोते कोण ते तुला कळेल. गिगच्या आठवडाभर आधी एक छोटी ईमेल, बस. ती तू स्वतः लिही, चार ओळींची, माणसाने माणसाला लिहिल्यासारखी.

गिगच्या रात्री काय करायचं यावर जरा सविस्तर लिहितो, कारण मी इतकी वर्षं मिक्सरमागे उभा राहून हेच बघत आलो आहे. साउंडचेकला वेळेवर या. आधीच्या बँडचा सेट पुढे उभं राहून ऐका आणि नंतरच्या बँडचाही. आपलं वाजवून झालं की सगळं सामान गोळा करून मित्रांसकट पबमध्ये निघून जाणारे बँड दर आठवड्याला दिसतात. त्या बँडना गिग भरवणारे प्रमोटर पुन्हा बोलवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तुमचा सेट संपल्यावर दहा मिनिटांच्या आत तुमच्यापैकी एकाने तरी मर्चच्या टेबलाशी उभं राहायला हवं. लाजाळू माणूस पहिल्यांदा आला की दोनदा टेबलासमोरून जातो, तिसऱ्यांदा थांबतो. तो थांबेल तेव्हा तिथे कुणीतरी असावं. त्याचं नाव विचार, कुठून आला ते विचार. पुढच्या वेळी नाव लक्षात ठेवलंस तर तो माणूस येताना आणखी दोघांना घेऊन येईल. हे मी अनेक बँडच्या बाबतीत घडताना पाहिलं आहे.

सेट तीस मिनिटांचा असेल तर पंचवीसच वाजवा. दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग चालू असताना शांतता पडते, ती आधी ठरवून भरा. बँडचं नाव सेटमध्ये दोनदा सांगायचं, सुरुवातीला आणि शेवटी. इतकी साधी गोष्ट, पण निम्मे बँड विसरतात आणि लोक घरी जाऊन शोधणार काय?

लीड्समध्ये दर पंधरा दिवसांनी वाजवू नका. मित्र किती वेळा येतील? सहा-आठ आठवड्यांचं अंतर ठेवा आणि दर वेळी काहीतरी नवं असू द्या: एक नवं गाणं, एखादी कॅसेट, तुमच्या आधी वाजवणारा, तुम्ही स्वतः निवडलेला सपोर्ट बँड. शहराचं वेळापत्रकही ध्यानात घ्या. जूनच्या मध्यापासून विद्यार्थी निघून जातात आणि लीड्स निम्मं रिकामं होतं. सप्टेंबरच्या अखेरीस हजारो नवी मुलं येतात, त्यांना अजून कुठलाच बँड आपला वाटत नसतो. वर्षातला सगळ्यात मोठा गिग ऑक्टोबरमध्ये ठेवा.

मधल्या काळात शेजारची शहरं. याचा जुना, खात्रीचा मार्ग म्हणजे अदलाबदल. हलमधला तुमच्या जातकुळीचा एक बँड शोधा, त्यांना लीड्सला बोलवा, तुमच्या माणसांसमोर त्यांना चांगली वेळ द्या. ते तुम्हाला हलला नेतील. तिथला न्यू अ‍ॅडेल्फी क्लब बघच. डी ग्रे स्ट्रीटवर, चारचौघांच्या घरांच्या रांगेतल्याच एका घरात पॉल जॅक्सन यांनी तो १९८४ मध्ये सुरू केला. पल्प, रेडिओहेड, ओएसिस, सगळे त्या घरात वाजवून गेले आहेत. मग शेफील्ड, मँचेस्टर, हेब्डन ब्रिजचा ट्रेड्स क्लब. यातल्या कुठूनही रात्री व्हॅनने घरी परतता येतं, म्हणजे मुक्कामाचा खर्च नाही. आपल्याकडे नाटक आधी पुण्या-मुंबईत प्रयोगामागून प्रयोग करून घट्ट होतं आणि मग दौऱ्यावर निघतं, तसंच हे.

आता लंडन. ब्रिक्स्टनच्या विंडमिलमध्ये वाजवायचं स्वप्न तू लिहिलं आहेस, आणि ते स्वप्न चांगलं आहे. दीडशे माणसांची ती जागा आहे. शेम, ब्लॅक मिडी, स्क्विड, ब्लॅक कंट्री न्यू रोड यांचं नाव तिथूनच झालं. द लास्ट डिनर पार्टी हा बँडही तिथे वाजवायचा. लू स्मिथ नावाचे गृहस्थ तिथले गिग चित्रित करून यूट्यूबवर टाकतात, त्यात या बँडचेही व्हिडिओ होते. या बँडचं पहिलं सिंगल एप्रिल २०२३ मध्ये आलं, तेव्हा ‘कंपनीने तयार केलेला बँड’ म्हणून त्यांच्यावर बरीच टीका झाली. मला ती अन्यायाची वाटते. ज्यांनी त्यांना आधी मंचावर पाहिलं होतं त्यांना ठाऊक होतं की गाणी, कपडे, उभं राहणं, सगळं लोकांसमोर घडलेलं आहे. विंडमिलमधून तुम्ही एवढंच शिकायचं की तिथे तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात आणि एकमेकांचे बँड ऐकतात. तसं लीड्समध्ये आहेच. हाइड पार्कमधला ब्रुडेनेल सोशल क्लब १९१३ पासून चालू आहे. इंग्लिश टीचर या बँडची मंडळी लीड्स कॉन्झर्व्हेटॉयर या संगीत महाविद्यालयात एकत्र आली आणि वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा २०२४ चा मर्क्युरी पुरस्कार घेऊन गेली. दहा वर्षांनंतर प्रथमच लंडनबाहेरच्या कुणाला तो मिळाला. लंडनला जा, पण तुमच्या यादीत लंडनचे पोस्टकोड दिसू लागतील तेव्हा.

या जागांची अवस्था काय आहे तेही तुला माहीत असावं. लहान व्हेन्यूंसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या अहवालाप्रमाणे २०२३ या एका वर्षात अशा १२५ लहान जागांतलं लाइव्ह संगीत थांबलं. २०२४ मध्ये उरलेल्यांपैकी जवळपास ४४ टक्के तोट्यात होत्या आणि सरासरी नफा अर्धा टक्का होता. तुम्हाला शंभर पौंड देणारा प्रमोटर अनेकदा ते खिशातून देत असतो. म्हणून तिकिटं आगाऊ विकायला मदत करा. दारावर येईन म्हणणारा माणूस पाऊस पडला की येत नाही. मात्र ‘आधी एवढी तिकिटं विकत घ्या, मग वाजवा’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. मोठ्या जागांत मर्चच्या विक्रीतून हिस्सा मागतात, ते तारीख पक्की करण्याआधी विचारून घ्या.

वेळ किती लागेल, असं तू शेवटी विचारलंस. ब्रिस्टलचा आयडल्स बँड २००९ मध्ये सुरू झाला आणि त्यांचा पहिला अल्बम २०१७ मध्ये आला. त्यानंतर त्यांच्या चाहत्यांनी आपणहून एक गट उभारला, जिथे माणसं बँडइतकीच एकमेकांची विचारपूस करतात, दुःखाच्या गोष्टी बोलतात. अल्बम चांगला होताच, पण माणसं टिकली ती एकमेकांमुळे.

तू लिहिलंस की गिग ठरवणाऱ्या एका बुकरने ‘थोडा इंडियन टच’ आणायला सुचवलं आणि तुला ते लागलं. लागणारच. याचं उत्तर म्हणून कॉर्नरशॉपकडे बघ. १९९१ मध्ये लेस्टरला सुरू झालेला बँड, तजिंदर सिंग गाणी लिहिणारा. त्यांनी आपल्या आशाताईंवर गाणं केलं, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. १९९७ मध्ये ते आलं तेव्हा साठाव्या क्रमांकापर्यंतच पोचलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये डीजे नॉर्मन कुकने केलेलं त्याच गाण्याचं रीमिक्स पहिल्या क्रमांकावर गेलं. सांगलीत जन्मलेल्या बाईंचं नाव अख्खं ब्रिटन गुणगुणत होतं. पण ते गाणं कुणी सुचवलेला टच नव्हता. जुन्या रेकॉर्डवर जीव असणाऱ्या माणसाने आपल्या आवडीवर लिहिलेलं होतं ते. तुला उद्या तुझ्या आजीच्या ओव्या गिटारवर आणाव्याशा वाटल्या तर आण, नाही वाटल्या तर कुणाच्या सांगण्यावरून आणू नकोस.

बाकीचं थोडक्यात. मॅनेजर आत्ता नको. तुमच्यातल्या ज्याला हिशोब जमतो त्याने ते काम करावं. जाहिरातीला पैसे घालायचेच तर फक्त गिगच्या तारखेसाठी, लीड्सपुरते आणि थोडेच. फॉलोअर विकत घ्यायचे नाहीत. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा न ऐकलं गेलेलं गाणं काहीच मिळवत नाही, त्यामुळे सध्या टी-शर्ट आणि बँडकॅम्प, म्हणजे गाणी थेट श्रोत्यांना विकायची साइट, हीच कमाई समजा. गाणी लिहिणाऱ्यांनी त्यांच्या हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या पीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं आणि प्रत्येक गिगनंतर सेटलिस्ट नोंदवावी. रेकॉर्डिंगवर वाजवणाऱ्यांसाठी तशीच पीपीएल ही संस्था वेगळी. नव्या बँडसाठीच्या बीबीसी इंट्रोड्युसिंगवर गाणं चढवा, ते फुकट आहे. आणि कोणतं गाणं कुणाचं, किती वाट्याचं, हे चौघांनी आत्ताच, मैत्री छान असताना, कागदावर लिहून सह्या करा.

व्हिसाचं मात्र काळजीपूर्वक वाच. तू ग्रॅज्युएट व्हिसावर आहेस, तुला स्वतंत्र काम करता येतं. तुमचा बेसिस्ट अजून स्टुडंट व्हिसावर आहे. त्या व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही आणि मनोरंजनाचं काम करायला बंदी आहे. पैसे घेतले नाहीत म्हणजे चालतं, असं त्याने परस्पर ठरवू नये. त्याने पुढचा गिग घेण्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन लेखी विचारावं. एका संध्याकाळीसाठी त्याचं इथलं राहणं धोक्यात घालू नका. तू त्याच्याबरोबर जा.

ऑक्टोबरची तारीख पक्की झाली की कळव, मी त्या रात्री मोकळा राहतो. मंचावर कोण कुठे उभं राहणार याचा स्टेज प्लॉट आणि कुठला आवाज मिक्सरच्या कुठल्या चॅनलवर याची चॅनल लिस्ट आठवडाभर आधी पाठव, आणि तुझ्या आवाजाला कुठला माइक वापरता तेही लिही. डेमोत ‘स’ जरा टोचतो आहे, साउंडचेकला तो बघून घेऊ.

तुझा,
काका