सगळे माझ्यावर हसले!

"मॅडम, चारचौघांत माझं हसं झालं." संगीतात स्टेप चुकलेली नववधू, वर्गात उच्चार चुकलेला मुलगा, मीटिंगमध्ये अडखळलेला मॅनेजर, समुपदेशन करताना सगळ्यांकडून मी हेच ऐकते. हल्ली त्यात स्टँड-अप कॉमेडीच्या क्लबांची भर पडली आहे. म्हणून निखिलबद्दल लिहिते. (नाव आणि तपशील बदलले आहेत.)

निखिल सॉफ्टवेअर टेस्टर. ऑफिसच्या ग्रुपबरोबर पुण्यात बाणेरच्या एका नव्या क्लबमध्ये गेला आणि नेमकी पहिल्या रांगेत जागा मिळाली. कॉमेडियनने विचारलं, "काय करतोस?" "टेस्टिंग." "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार? आमच्या सासूबाई फुकट करतात!" सगळा हॉल हसला. निखिलच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यानंतर तो डबा एकटाच खाऊ लागला.

"विनोद लागला?"

"नाही हो. मला उत्तर सुचलं नाही, ते लागलं. रात्री दोनपर्यंत उत्तरं सुचत होती."

खरं तर तो सामना बरोबरीचा नव्हताच. प्रेक्षकांशी असं बोलणं हा कॉमेडियनचा रियाज असतो. तुमचं उत्तर तो माइकवर पुन्हा म्हणतो. लोकांना ते ऐकू जातं आणि त्याला विचार करायला दोन क्षण मिळतात. नेहमीच्या व्यवसायांवरच्या ओळी त्याच्याकडे बऱ्याचदा तयारच असतात. निखिलला हे पटलं, पण डबा एकट्याने खाणं काही थांबलं नाही.

मग एकदा मी विचारलं, "तुझ्याआधी त्याने कोणाला धरलं होतं?"

"एक जोडपं होतं. बहुतेक नागपूरचं."

"त्यांना काय म्हणाला?"

बराच वेळ तो आठवत राहिला. "आठवत नाही. हसलो मात्र खूप."

"घरी जाऊन त्यांच्याबद्दल काय मत केलंस?"

"मत? काहीच नाही." आणि तो स्वतःच गप्प झाला.

इतरांचं लक्ष आपल्याकडे असतं त्यापेक्षा जास्त वाटतं, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांतही दिसलं आहे. पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. "कोणी पाहिलं नाही" हा दिलासा पुढच्या फजितीपर्यंतच पुरतो. म्हणून विचारलं, "समजा, ऑफिसमध्ये सगळ्यांना आठवतंय. मग?"

"मग... चिडवतील."

"आणि?"

"आणि... काम तर चालूच राहील."

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांना मानणारी. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं ही इच्छा निरोगी. म्हणायलाच हवं, ही मागणी माणसाला आजारी करते. त्यांचा एक गाजलेला गृहपाठ मी निखिलला दिला: लाज वाटेल असं काहीतरी मुद्दाम करायचं, म्हणजे बसमध्ये पुढच्या स्टॉपचं नाव मोठ्याने म्हणायचं. पीएमपीच्या बसमध्ये तो कान लाल करून "गुडलक चौक!" ओरडला. दोघांनी वळून पाहिलं. एक आजी म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस, मला उतरायचंच होतं." मला सांगताना तो मनापासून हसत होता. एवढ्या वर्षांनंतरही अशा वेळी माझा ऊर भरून येतो.

तुमचंही असं झालं असेल तर तोंड लपवू नका. दुसऱ्याच दिवशी तोच किस्सा तुम्हीच जेवणाच्या टेबलावर सांगा, डबा सगळ्यांबरोबर उघडा. मात्र विनोद जातीवर, रंगावर, शरीरावर घसरला असेल, तर तो सहन करणं हा कसला गृहपाठ नव्हे. तिथून उठून या, आयोजकांना स्पष्ट सांगा. आणि आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, कामावर जाववत नसेल, तर समुपदेशकाची वेळ घ्या.