अ‍ॅडजेसन्ट की अ‍ॅडजॉइनिंग?

प्रश्न : अ‍ॅडजेसन्ट, अ‍ॅडजॉइनिंग, कन्टिग्युअस हे सगळे शब्द डिक्शनरीत जवळपास एकाच अर्थाचे दिसतात, मग कुठला कधी वापरायचा?

उत्तर : फरक आहे आणि तो खरंच कामाचा आहे. अ‍ॅडजेसन्ट म्हणजे शेजारचं, पण चिकटलेलं असायलाच हवं असं नाही, मूळ लॅटिनमध्येसुद्धा 'जवळ पडलेलं' एवढंच आहे. अ‍ॅडजॉइनिंगमध्ये मात्र जॉइन दिसतंच, म्हणजे भिंत किंवा हद्द कॉमन हवी. हॉटेल बुक करताना हे नक्की बघा, अ‍ॅडजॉइनिंग रूम म्हणजे लागून असलेल्या खोल्या, आतून दार हवं असेल तर कनेक्टिंग रूमच मागायची, नाहीतर लहान मुलं एका खोलीत आणि तुम्ही दुसऱ्या, मधे बंद भिंत.

कन्टिग्युअस मला सगळ्यात आवडतो. सलग, मधे खंड नाही असं. अमेरिकेची ५० राज्यं, पण कन्टिग्युअस ४८च, कारण अलास्का आणि हवाई तुटून लांब आहेत. कॉन्टॅक्ट, टॅन्जन्ट, अगदी कन्टेजियससुद्धा याच 'स्पर्श' वाल्या लॅटिन घराण्यातले, त्यामुळे टॅन्जन्ट म्हणजे वर्तुळाला एकाच बिंदूत टेकणारी रेषा.

भूमितीतले अ‍ॅडजेसन्ट अँगल्स तेवढे वेगळे धरा, तिथे एक बाजू कॉमन लागतेच.