जहाजाला स्क्रबर (इंजिनाचा धूर धुणारं यंत्र) बसवला की प्रदूषण थांबतं का?

हवेतलं कमी होतं, पण ओपन लूप, म्हणजे धुतलेलं पाणी सरळ बाहेर सोडणारा स्क्रबर असेल तर तीच घाण समुद्रात जाते. झालं असं की १ जानेवारी २०२० पासून आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) जहाजाच्या इंधनातल्या सल्फरची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणली, मग ज्यांना स्वस्तातलं, जास्त सल्फरचं जाड तेलच जाळायचंय ते समुद्राचं पाणी फवारून धूर धुतात आणि ते आम्लयुक्त, जड धातूवालं पाणी सरळ बाहेर सोडतात, म्हणजे आपला केर शेजाऱ्याच्या दारात, आणि हे कायदेशीर बरं का! सिंगापूरने त्याच दिवसापासून आपल्या बंदरात याला बंदी घातली, डेन्मार्कने जुलै २०२५ पासून आपल्या सागरी हद्दीत. क्लोज्ड लूपवाले तेच पाणी परत परत फिरवतात, पण गाळ बंदरात द्यावा लागतो, खर्च वाढतो. माझ्या मते ही पळवाट ठेवायलाच नको होती, कमी सल्फरचं तेलच सक्तीचं करायचं.