आकाशाविषयी थोडेसे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव (मावळत्या सूर्याची किरणे मूर्तीपर्यंत पोहोचण्याचा सोहळा) वर्षातून दोनदाच का होतो? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सूर्य रोज नेमक्या पश्चिमेला मावळत नाही. २१-२२ डिसेंबरपर्यंत मावळतीचे स्थान दक्षिणेकडे सरकते आणि त्यानंतर उत्तरेकडे परतू लागते, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक स्थानावर सूर्य वर्षातून दोनदा येतो. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे दोन्ही काळ २१-२२ डिसेंबरपासून सुमारे ४२ दिवसांच्या सारख्याच अंतरावर आहेत. तेव्हा कोल्हापुरात सूर्य पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला मावळतो आणि त्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरून पश्चिमाभिमुख मूर्तीपर्यंत पोहोचतात. गणित चुकत नाही, मात्र क्षितिजावरचे ढग, धुरके किंवा वाटेतली उंच इमारत किरणे अडवू शकते.

प्रश्न : कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस केव्हा येतो?

उत्तर : भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते, तो शून्य सावलीचा दिवस. कोल्हापुरात तो मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकेकदा येतो, कारण तेव्हा सूर्य कोल्हापूरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १६.७ अंश उत्तरेवर, थेट डोक्यावर असतो. ऑगस्टमधला दिवस बहुधा पावसाळी ढगांतच हरवतो, म्हणून निरीक्षण मे महिन्यात करावे.